वर्गणीदार

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या वडिलांच्या, समोर बसून गुपित असं काही लिहायची सोय नव्हती. मी जमिनीवर पालथी पडून वहीत काहीबाही खरडायचे आणि समोर पाटावर बसलेले आबा, वही त्यांच्या बाजूने उलटी असताना, माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायचे. मला ती जादू वाटायची. पुढे कळलं की हा त्यांचा धंदाच होता. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात ते पस्तीस वर्षं जुळारी होते. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने केसमधल्या घराघरातून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ जुळवायची. खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं आणि जुळवलेली ओळ खालचं वर अशी वाचावी लागते. माणसाने आयुष्य असं काढलं की त्याला सुलट काय नि उलट काय, सारखंच.

आबांचे आई-वडील त्यांना टिळकांच्या खटल्याच्या गोष्टी सांगत. आबा आम्हाला आणीबाणीच्या सांगायचे. मी जन्मले १९७९ साली, म्हणजे सगळं आटोपल्यावर. त्यामुळे आणीबाणी माझ्या कानावर रामायणासारखी आली, पाठभेदांसकट. पुण्यातले आबा एक सांगणार, आत्या त्यात तिसरंच घालणार आणि कराडजवळच्या गावातले आईचे वडील, नाना, दोघांनाही खोडून काढणार. आमच्या घरातले एक काका तर आजही म्हणतात, “काही म्हणा, गाड्या वेळेवर धावायच्या.” असं म्हणणारी माणसं तेव्हा पुष्कळ होती, हेही याच इतिहासात मोडतं.

आबा ज्या छापखान्यात होते तिथे एक साप्ताहिक छापलं जायचं. त्याचं नाव लिहीत नाही. आबांनीच बजावलं होतं की नाव आलं की पुतळा होतो. अंक सोळा पानी. वर्गणीदार किती ते आबांना बोटांवर माहीत, कारण पत्त्यांच्या पट्ट्याही त्यांनीच जुळवलेल्या. जाहिराती म्हणजे एखादा दंतमंजनवाला, एक सहकारी बँक, दिवाळीत एक मिठाईवाला. बाकी सगळा संसार वर्गणीवर.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या हुकुमावर सही केली आणि सकाळी इंदिरा गांधी आकाशवाणीवरून बोलल्या. त्याच रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज गेली होती, म्हणजे घालवली होती. आबा म्हणायचे, “आमची वीज कुणी तोडली नाही. आमचं ट्रेडल पायाने चालायचं, तोडणार काय?” २६ जूनलाच भारत संरक्षण व अंतर्गत सुरक्षा नियमांतल्या ४८ व्या नियमाखाली हुकूम निघाला आणि मजकूर छापण्याआधी दाखवण्याचं बंधन आलं.

इथे आबांची एक आवडती गोष्ट. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे साप्ताहिकाने कित्येक महिने कापलेल्या मजकुराच्या जागा कोऱ्या सोडल्या. पानंच्या पानं पांढरी. मोठी झाल्यावर मी जुने अंक मुद्दाम काढून पाहिले. कोरी जागा एकाच अंकात आहे, तीही चार बोटं. आबा खोटं बोलत नव्हते. त्या चार बोटांची आठवण त्यांच्या मनात पसरून पानभर झाली होती. खरं असं की ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी ठेवली, इतरही काहींनी तसं केलं आणि मग सेन्सॉरच्या सूचनांमध्ये कोरी जागा सोडायलाच मनाई आली. एवढंच नाही, त्या जागी महात्मा गांधींची किंवा रवींद्रनाथांची वचनं घालायलाही मनाई. स्वतंत्र भारतात गांधीजींचं वाक्य छापणं धोक्याचं ठरलं, हे आत्या अजून सांगते आणि सांगताना अजून हसते.

मग कापलेल्या जागी घालायचं काय? पान तर भरलं पाहिजे. आबांनी यावर जुळाऱ्याचा उपाय काढला. दोन-तीन लहान मजकूर त्यांनी कायमचे जुळवून, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवून दिले. एक उसाच्या लागणीविषयी, एक उन्हाळी लागल्यावर काय करावं यावर आणि एक आवळ्याच्या मोरंब्याची कृती. प्रुफं सेन्सॉरकडे जायची, तांबड्या पेन्सिलीने फुल्या होऊन परत यायची आणि तेवढ्या मापाचा ऊस किंवा मोरंबा त्या भोकात बसवला जायचा. तपासणाऱ्या साहेबाबद्दल आबा वाईट बोलत नसत. “त्याला काय कळणार? तो घाबरलेला, आम्ही घाबरलेले. फक्त पेन्सिल त्याच्याकडे होती.”

कराडकडे नाना तोच अंक घ्यायचे. शाळामास्तर, सेवा दलाच्या शाखेवर वाढलेले, बेचाळीसच्या चळवळीत नाना पाटलांच्या पत्री सरकारची पत्रकं सदऱ्याच्या आत घालून गावोगाव पोचवलेली. ‘साधना’ त्यांच्याकडे साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केली तेव्हापासून यायची, आणि हे आबांचं साप्ताहिकही. त्यांच्या लक्षात आलं की मोरंबा वारंवार येतोय. एकदा तर एकाच अंकात दोनदा आला, पान पाचवर आणि पान अकरावर. मास्तर माणूस, त्यांनी ताडलं. पुढे ते अंक हातात पडला की आधी मोरंबा शोधायचे आणि शेजारच्या गुरुजींना सांगायचे, “या आठवड्याला पुण्यात लई काप पडलाय.”

ही दोन टोकं जुळली १९७८ मध्ये, माझ्या आई-वडिलांच्या लग्नाच्या बोलणीत. देण्याघेण्याचा विषय निघायच्या आधी नाना आबांना म्हणाले, “तुम्ही त्या छापखान्यात ना? मग मला सांगा, एका अंकात मोरंबा दोनदा कसा?” आबांनी म्हणे हातातली कपबशी खाली ठेवली आणि नानांचे हात धरले. आई सांगते, बैठक तिथेच पार पडली. माझा जन्म मोरंब्यामुळे, असं म्हणायला हरकत नाही.

नानांच्या गोष्टींत सगळ्यांत मोठी गोष्ट कराडच्या साहित्य संमेलनाची. डिसेंबर १९७५. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, कुसुमावती देशपांड्यांनंतर अध्यक्ष झालेल्या दुसऱ्याच बाई. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे त्या वेळी केंद्रात मंत्री होते. गाव यशवंतरावांचं, मांडव यशवंतरावांच्या माणसांनी घातलेला. जयप्रकाश नारायण तेव्हा तुरुंगातून सुटून मुंबईत जसलोकमध्ये मूत्रपिंडाच्या दुखण्याने पडून होते. दुर्गाबाईंनी त्या मांडवात जेपींचं नाव घेतलं आणि त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करू या असं सगळ्यांना सांगितलं. नाना म्हणायचे, टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मामी म्हणायची, “काही नाही, माझ्या मांडीवर तुमचाच नातू बोंबलत होता.” दोघंही त्या मांडवात होते. मी मामीवर जास्त विश्वास ठेवते. दुर्गाबाईंना पुढे १९७६ मध्ये अटक झाली आणि त्या आर्थर रोडच्या तुरुंगात गेल्या.

आमच्याकडे ही सगळी कथा दुर्गाबाई, जेपी, मृणालताई गोरे, येरवड्यात गेलेले ग. प्र. प्रधान अशा नावांनी सांगितली जाते, आणि ती नावं मोठी आहेतच. देशभरात ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली सुमारे ३५ हजार माणसं आत गेली, भारत संरक्षण नियमांखाली ७५ हजारांवर. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचे हे आकडे आहेत. पण मी जसजशी म्हाताऱ्यांच्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवत गेले, तसतसं मला वाटायला लागलं की वृत्तपत्राचा गळा धरायला संपादकाला तुरुंगात घालावं लागतच नाही. त्याच्या खालच्या माणसाला नुसतं विचारलं तरी पुरतं.

छापखान्याचा मालक घ्या. १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अंकावर मुद्रकाचं नाव छापावं लागायचं. १९७६ मध्ये आक्षेपार्ह मजकूर प्रकाशन प्रतिबंधक कायदा आला, त्यात छापखान्याकडून जामीन मागायची आणि छापखाना जप्त करायची तरतूद. आबांचे वडील म्हणाले होते की गोऱ्यांनी ‘काळ’ पत्राकडे जामीन मागितला, तशीच ही तऱ्हा. मालक लग्नपत्रिका, परीक्षेचे पेपर, पंचांगं छापून पोट भरणार. एका साप्ताहिकापायी यंत्र कोण घालवील? मुंबईत राजमोहन गांधींच्या ‘हिंमत’ साप्ताहिकावर हीच वेळ आली. छापखाने नाही म्हणू लागले. तेव्हा त्यांनी वाचकांकडे पैसे मागितले आणि वाचकांच्या लहान लहान रकमांतून स्वतःचं यंत्र घेतलं. ए. डी. गोरवालांचं ‘ओपिनियन’ म्हणजे निवृत्त आयसीएस अधिकाऱ्याने काढलेलं चार पानी चोपडं, तेही याच कारणाने या छापखान्यातून त्या छापखान्यात फिरत राहिलं.

सरकारी जाहिराती थांबवता येत. कागदाचा कोटा कमी करता येई. टपालाची सवलत हाही एक दोरा होता. प्रेस कौन्सिल डिसेंबर १९७५ मध्ये मोडून टाकलं, चार वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच केली. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदाही १९७६ चाच, आणि त्यात निवडणुकीच्या उमेदवारांबरोबर संपादक, वार्ताहर, व्यंगचित्रकार, मुद्रक अशा सगळ्यांना परदेशी पैसा घ्यायला बंदी होती. आबांना मी हे सांगितलं तर म्हणाले, “परदेशी पैसा कुठला? आमच्याकडे देशी यायचा नाही.” परकीय हाताचा बोलबाला तेव्हा रेडिओवर रोज असायचा. आमच्या अंकामागचा हात म्हणजे नानांसारख्यांच्या मनिऑर्डरी.

विनोबांची गोष्ट घरात कुणी फारशी काढत नाही, कारण तिथे सेवा दलवाले आणि सर्वोदयवाले यांचं बिनसतं. मौनात असलेल्या विनोबांचे ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारने भिंतीभिंतींवर रंगवले. पण जून १९७६ मध्ये गोहत्याबंदीसाठी उपोषणाचा विचार त्यांच्या ‘मैत्री’ मासिकात छापला गेला, तेव्हा पवनारच्या आश्रमात पोलीस आले आणि ‘मैत्री’चे अंक घेऊन गेले. ज्यांचे शब्द भिंतीवर चालले त्यांचेच शब्द मासिकात चालले नाहीत. आत्या म्हणते, पेन्सिल ओळख ठेवत नाही.

कोर्टाची गोष्टही घरात अर्धीच माहीत होती. आबांना एवढंच ठाऊक की “मसानींनी केस जिंकली.” ती अशी. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या छोट्या मासिकातला मजकूर सेन्सॉर बिनोद राव यांनी अडवला. मसानी हायकोर्टात गेले, सोली सोराबजी त्यांचे वकील. आधी एका न्यायमूर्तींनी आणि मग अपिलात फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी मसानींच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांनी एका रांगेत चालावं आणि एका सुरात बोलावं यासाठी सेन्सॉर नेमलेला नाही, सरकारवर टीका करणं हा गुन्हा होत नाही, असा त्याचा आशय. गुजरातेत सर्वोदयाच्या ‘भूमिपुत्र’साठी चुनीभाई वैद्यही असेच लढले आणि जिंकले. पुढे त्याच वर्षी २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने अटकेतल्या माणसांच्या हेबिअस कॉर्पसच्या खटल्यात मान टाकली, एकटे न्या. खन्ना वेगळे राहिले. म्हणजे आणीबाणीत माणसाला कोर्टाने सोडवलं नाही, पण दोन चिमुकल्या नियतकालिकांना सोडवलं. यावर एखाद्या वकिलाने सविस्तर लिहावं असं मला फार वाटतं.

तिथेही पुन्हा आडनावं नसलेली माणसं होतीच. निकाल छापायला सेन्सॉरची आडकाठी. मग तो हाताहाती गेला. आमच्या आत्याने त्याचा मराठी सारांश सायक्लोस्टाइल केला, हे तिचं आयुष्यातलं एकमेव बेकायदा कृत्य. मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरून लिहायचं. जास्त दाबलं तर कागद फाटतो, कमी दाबलं तर शाई उतरत नाही. चूक झाली तर नखाला लावायच्या रंगासारखं लाल द्रव्य लावायचं, वाळू द्यायचं, पुन्हा कोरायचं. ती जोडाक्षरं आली की जीव मुठीत धरायची. “न्यायमूर्ती लिहिताना दोनदा फाटला,” असं ती सांगते, आणि यात तिला काही गंमत केल्यासारखं वाटत नाही. प्रती भाजीच्या पिशवीत, वर मेथी. मेथीच का, तर कोथिंबिरीची जुडी लहान पडते.

दिल्लीत सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे याच सुमाराला खटले लढत होते. मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती, जेपींबरोबर ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ उभी करणारे. ऑक्टोबर १९७६ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, नागरी हक्कांसाठी ‘पीयूसीएल’ स्थापन झाली त्यातही ते पुढे. सासवडहून कराडकडे जाताना मी हमखास आठवण काढते. सासवडात त्यांचं नाव सांगितलं तर किती जण ओळखतील, हे विचारून पाहायचं धाडस झालेलं नाही.

आता घरातली जी गोष्ट लग्नाच्या बोलणीत निघाली नाही ती.

थोरला मामा सरकारी नोकरीत कारकून. १९७६ च्या उन्हाळ्यात त्याच्या साहेबाने त्याला सहज म्हणून विचारलं, “तुमच्या वडिलांकडे ती पुण्याची साप्ताहिकं येतात ना?” बस्स, एवढंच. धमकी नाही, मेमो नाही. मामाचं नुकतं लग्न झालेलं, मांडीवर पोर (संमेलनात बोंबललेलं तेच). त्याने घरात कुणाला न सांगता एक पोस्टकार्ड टाकलं: माझ्या वडिलांचं नाव वर्गणीदारांतून कमी करावं.

अंक यायचा थांबला. नाना तीन आठवडे थांबले. त्यांना वाटलं साप्ताहिकच बंद पडलं, किंवा टपालात अडवत आहेत. पोस्टमनवर संशय घेऊन झाला, त्याच्याशी दोन दिवस अबोला धरून झाला. मग त्यांनी पुण्याला पत्र लिहिलं. उत्तरादाखल साप्ताहिकाच्या व्यवस्थापकांनी काहीएक न लिहिता मामाचं पोस्टकार्ड पाकिटात घालून परत पाठवलं. अशी कार्डं त्या वर्षी त्यांच्याकडे ढिगाने आली होती, हे आबांनी पुढे सांगितलं. शाळा, वाचनालयं, पतपेढ्या, शिक्षक. कुणी कारण लिहीत नसे. आबांच्या हातून पत्त्यांच्या पट्ट्यांतली नावं एकेक करून सुटत होती. जुळवलेलं नाव मोडून त्याची अक्षरं परत घराघरात टाकायची. गावंच्या गावं त्यांनी अशी मोडली. सेन्सॉरच्या फुलीपेक्षा त्यांना याचं जास्त लागलं होतं.

नानांनी ते कार्ड वाचलं, अक्षर ओळखलं आणि घडी करून पंचांगात ठेवलं. मामाला ते एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. मामाने स्वतः मला हे सांगितलं ते नाना गेल्यानंतर, आणि सांगताना त्याचं वय सत्तरच्या पुढे होतं.

कार्ड हाती पडल्याच्या दुसऱ्या दिवशी नाना पोस्टात जाऊन मनिऑर्डर करून आले. वर्गणीदाराचं नाव म्हणून त्यांनी आजीचं नाव घातलं. आजीला मुळाक्षरंही येत नव्हती. ती म्हणाली, “मला काय वाचाय येतंय व्हय? माझ्या नावावर कशाला?” नाना म्हणाले, “तुला कोण नोकरीवरनं काढणार?”

पुण्यात आबांनी ते नाव जुळवलं. गळत चाललेल्या यादीत त्या महिन्यात नवं आलेलं ते एकच नाव, म्हणून त्यांच्या लक्षात राहिलं. ही बाई कोण, हे त्यांना दोन वर्षांनी कपबशी खाली ठेवल्यावर कळलं.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या, सेन्सॉर सैल झाला, मार्चमध्ये सरकार गेलं आणि २१ मार्चला आणीबाणी उठली. थांबलेले वर्गणीदार परत आले का, असं मी आबांना विचारलं होतं. म्हणाले, “निम्मे. उरलेल्यांना लाज वाटली असेल.” मग साप्ताहिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं मासिक. ऑफसेट आलं, खिळे भंगारवाल्याने वजनावर नेले. मोरंब्याचा बांधलेला मजकूर तेवढा आबांनी घरी आणला होता. तो आमच्याकडे कागदांवर वजन म्हणून आहे, शिशाचा, दोऱ्यासकट.

मासिकाचा अंक अजून आजीच्याच नावाने येतो. ती जाऊन सव्वीस वर्षं झाली. वर्गणी मी भरते.